पान सेहेचाळीस, ओळ चौदा

१

मेहुण्याला या सगळ्यातून काय मिळणार होतं, ते वकीलबाईंनी आधी मांडून पाहिलं.

एक खुर्ची. बाइंडिंगच्या कारखान्यात खिडकीजवळची, पाठीला उशी बांधलेली. बत्तीस वर्षं तिच्यात तिथले जुने कारागीर, उस्ताद, बसत होते. सात महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि आता तिच्यात त्यांचा मेहुणा बसत होता. उस्ताद धडधाकट ठरले तर खुर्ची परत गेली. ते कामाला असमर्थ ठरून त्यांना सरकारी भत्ता लागला, तर खुर्ची कायमची मेहुण्याची. म्हणजे भत्ता मिळावा असं उस्तादांच्या बायकोच्या खालोखाल कोणाला वाटत असेल, तर ते मेहुण्याला.

आणि भत्त्याच्या ऑफिसचं म्हणणं होतं की त्यासाठी मेहुण्याने खोटी पोच बनवली.

पत्र टेबलावर पडलं होतं. भाषा थंडगार. अर्जदार चालतो, बोलतो, त्याचे दोन्ही हात हलतात. सबब तो काम करू शकतो. मेंदूच्या डॉक्टरांचा अहवाल मुदतीत आलेला नाही. बारा तारखेला तो दिल्याची जी पोच अर्जदाराच्या मेहुण्याने दाखवली, तिच्यावर ‘पान ४६, ओळ १४’ असं आहे. पण आवक रजिस्टरात त्या जागी दुसऱ्याच माणसाचं नाव आहे, तेही अकरा तारखेचं. सबब पोच बनावट. मंगळवारच्या सुनावणीत खुलासा झाला नाही तर अर्ज कायमचा निकाली आणि मेहुण्यावर पोलिसात तक्रार.

मंगळवारला सहा दिवस होते.

वकीलबाईंनी स्वतःचंही मांडून पाहिलं. अशा प्रकरणात जिंकलं तर फी ऑफिस देतं, हरलं तर कोणीच देत नाही. म्हणजे सहा दिवसांची चप्पल झिजणार हे नक्की, बाकी सगळं अंधारात.

“पाठवा त्या मेहुण्याला,” त्या उस्तादांच्या बायकोला फोनवर म्हणाल्या. “खोटारडा असेल तर निदान हुशार तरी आहे का बघू.”

२

मेहुणा हुशार दिसत नव्हता. शर्टाच्या बाहीला खळ लागलेली, आणि शेजारी बसलेली थोरली बहीण त्याच्या वाटचं बोलत होती.

“बाई, हा खोटं बोलतो. लहानपणापासून बोलतो,” उस्तादांची बायको म्हणाली. “पण त्याला एक पोच बनवणं जमणार नाही. याचं अक्षर बघा तुम्ही!”

“ताई, तू माझ्या बाजूने बोलतेयस ना?”

“गप रे.”

“अहवालात काय होतं, वहिनी?” वकीलबाईंनी विचारलं.

“पाकीट बंद होतं, ऑफिसच्या नावाचं. डॉक्टरांनी मला समजावलं होतं, पण मी तेव्हा रडत होते. मेंदूच्या उजव्या बाजूला काहीतरी, एवढंच आठवतं. आता ते डॉक्टर मोठ्या रजेवर गेलेत. नक्कल मागितली तर महिना लागेल म्हणाले.”

“आणि उस्ताद स्वतः काय म्हणतात?”

“हे? हे म्हणतात, मला काही झालेलंच नाही. ऑफिसच्या माणसालाही तसंच सांगितलं. बाई, घरात भाडं भरायची मारामार, आणि हे ताठ मानेने सांगतात, मी ठणठणीत! पानावर बसले की अर्धं जेवण टाकतात आणि वर विचारतात, आज एवढंच केलंस का. मी काय बोलू?”

वकीलबाईंनी ते लिहून घेतलं. बायकांच्या तक्रारी त्या नेहमी लिहून घ्यायच्या. साक्षीदारांपेक्षा त्यात तपशील जास्त असतात.

“आता तू. पोच कोणी दिली?”

“खिडकीतल्या कारकुनाने. माझ्या डोळ्यांदेखत रजिस्टरात लिहिलं.”

“रजिस्टर उघडं होतं. लिहिलं कोणत्या बाजूला?”

मेहुण्याने हवेत रजिस्टर उघडलं, मग स्वतःला कारकुनाच्या जागी फिरवून घेतलं. “त्याच्या डाव्या हाताच्या पानावर. उजव्या पानावर त्याने शिक्क्याचं पॅड ठेवलं होतं. मी म्हटलंसुद्धा, अहो, डाग पडेल.”

“नक्की?”

“बाई, कागदाला डाग पडला की माझी नजर तिथेच जाते. धंदाच तो आहे.”

“बरं. आणि उस्ताद आजारानंतर कारखान्यात गेले होते म्हणे?”

मेहुणा बहिणीकडे बघायला लागला. मग हळूच म्हणाला, “चार महिन्यांपूर्वी. तीन दिवस. मालकाने बोलावलं होतं. पहिले दोन दिवस रजिस्टरांना आकडे मारले. तिसऱ्या दिवशी कटिंग मशीनवर उभे राहिले. पातं खाली यायला लागलं आणि दाजींचा डावा हात त्याच्याखाली! कागदावर पेपरवेट ठेवावा तसा विसरलेला. मी ओढलं म्हणून हात आहे.”

“हे मालकांनी ऑफिसला दिलेल्या पत्रात नाही,” वकीलबाई म्हणाल्या.

“मालकाच्या पत्रात काय आहे?”

“हेच की उस्ताद आजारापूर्वीपेक्षा दुप्पट वेगाने काम करतात.”

३

मालक माणूस गोड होता. इतका गोड की वकीलबाईंनी चहा बिनसाखरेचा मागितला.

त्याचं गणित उघड होतं. नोकर असमर्थ ठरला तर भत्त्याचा तिसरा हिस्सा दोन वर्षं मालकाने भरायचा, असा नियम. नोकर ठणठणीत असूनही घरी बसला, तर मालकाच्या खिशाला हात लागत नाही.

“उस्ताद मला मोठ्या भावासारखे,” तो म्हणाला. “पण खरं ते खरं. चोवीस रजिस्टरं, दोनशे पानांची एकेक. प्रत्येक पानावर आकड्याचा शिक्का. हा बघा.” त्याने एक लोखंडी शिक्का पुढे केला. दाबला की आकडा उमटायचा आणि पुढचा आकडा आपोआप वर यायचा. “आजाराआधी एवढ्या कामाला उस्तादांना चार दिवस लागायचे. आजारानंतर दोन! आता सांगा, असमर्थ कोण? मीच असमर्थ, माझ्याच्याने चार दिवसांतही व्हायचं नाही!”

“दुसऱ्या कोणी मदत केली असेल.”

“उस्ताद आपल्या रजिस्टराला कोणाला हात लावू देतात का? विचारा कारखान्यात.”

“आणि कटिंग मशीन?”

मालकाचा चेहरा क्षणभर कोरा झाला. “ते किरकोळ. मी नाही धरलं ते मनावर.”

“हात त्यांचा होता, म्हणून.”

मालकाने चहाचा घोट घेतला. वकीलबाई शिक्का दाबत बसल्या होत्या. एक, दोन, तीन. मेंदूला झटका बसलेला चौपन्न वर्षांचा माणूस दुप्पट वेगाने काम करतो. असं औषध असेल तर त्या स्वतः ते घ्यायला तयार होत्या. मालक खोटं बोलत असता तर त्याने थोडं कमी सांगितलं असतं. खोटं बोलणारा पटेल तेवढंच बोलतो. म्हणजे हा माणूस खरं बोलत होता, आणि खरं काय आहे ते त्यालाच ठाऊक नव्हतं.

“ती रजिस्टरं बघायला मिळतील?”

“माल केव्हाच गेला. तपासून घेतल्याची सही आहे गिऱ्हाइकाची. एक तक्रार नाही.”

“गिऱ्हाईक कोण?”

मालक मोकळेपणाने हसला. “तुम्ही रोज ज्याच्या पायऱ्या चढता ना बाई, ते भत्त्याचं ऑफिस.”

४

ऑफिसच्या बाकांवर एकोणीस माणसं बसली होती. वकीलबाई त्यांच्यामध्ये जाऊन बसल्या. वकील म्हणून विचारलं तर लोक जपून बोलतात. गुडघा चोळत विचारलं की भडाभडा सांगतात.

“कागद दिला होता, पोच आहे, पण पानावर दुसऱ्याचंच नाव,” एक म्हातारे गृहस्थ म्हणाले.

“माझंही तेच,” मागून एक बाई म्हणाली. “मला तर म्हणाले, पोच कुठून छापून आणलीत?”

वकीलबाईंनी मोजलं. एकोणिसांपैकी नऊ. जवळजवळ निम्मे. आणि सगळ्यांचे कागद नवीन रजिस्टर सुरू झाल्यानंतरचे. मेहुण्याला खोट्या पोचांचा बराच मोठा कारखाना काढावा लागला असता.

खिडकीतला आवक कारकून नीटनेटका होता. पेन्सिली उंचीनुसार लावलेल्या.

“पोचेवरचं अक्षर तुमचं आहे का?”

“माझ्यासारखं आहे,” तो म्हणाला. “एकवीस वर्षं पोच देतोय. माझी एक नोंद हरवलेली नाही.”

“म्हणजे पोच खोटी.”

“पान बोलतं ते खरं. पान बघायला रेकॉर्डवाले बसलेत, मी नाही.”

“रजिस्टर मला दाखवाल?”

“बाहेरच्यांना दाखवायचं नाही असा नियम आहे. पानाची नक्कल मिळेल.” बोलताना त्याचा हात नकळत रजिस्टरावर गेला, एखाद्याने उघडं पडलेलं पाकीट झाकावं तसा.

“नवीन रजिस्टरं चांगली आहेत का हो? माल तपासून कोणी घेतला?”

कारकुनाच्या कपाळावर घाम आला. पंखा तर चालू होता.

“मी घेतला,” तो म्हणाला. “चांगली आहेत.”

वकीलबाईंनी शिक्कामोर्तब केलेली नक्कल घेतली. पान सेहेचाळीस. ओळ चौदावर कुणा गवंड्याचं नाव, वर अकरा तारीख. कागदाच्या डाव्या कडेला, वरपासून खालपर्यंत, काळी सावली होती. रजिस्टर झेरॉक्सच्या यंत्रावर पालथं घातलं की शिवणीपाशी पडते तशी.

त्या पायऱ्यांवरच थांबल्या. शिवण डाव्या कडेला, म्हणजे पान उजव्या हाताचं. मेहुणा तर म्हणाला होता, कारकुनाने डाव्या पानावर लिहिलं. आता या दोघांपैकी एक जण खोटा: मेहुणा, नाहीतर पान.

हे सांगू शकेल असा एकच माणूस त्यांना माहीत होता, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याला काहीच झालेलं नव्हतं.

५

उस्तादांनी दार उघडलं. उजवा गाल गुळगुळीत, डाव्या गालावर चार दिवसांचे खुंट.

“या बाई. उगाच त्रास घेताय. हिला समजावून थकलो मी, मला उद्यापासून कामावर जाता येईल.”

“येईल की. आधी एक कारागिरीचा सल्ला द्या.” वकीलबाईंनी नक्कल त्यांच्या हातात दिली. “हे पान डावं की उजवं?”

उस्तादांनी एकदा पाहिलं. मग काही सापडत नसल्यासारखं डोकं हलवलं आणि कागद आडवा धरला. सावली त्यांच्यासमोर आली.

“शिवण या कडेला, म्हणजे उजवं पान.” मग त्यांचं लक्ष आकड्यावर गेलं आणि ते चिडले. “पण हे कसं? उजव्या हाताला सेहेचाळीस? पहिलं पान उजवीकडे, तो एक. मग उलटल्यावर डावीकडे दोन, उजवीकडे तीन. सम आकडा उजवीकडे पडूच शकत नाही, बाई! कुठल्या गाढवाने बांधलंय हे?”

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. वकीलबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पिशवीतून एक कोरी वही काढली.

“मला नीट कळलं नाही उस्ताद. आकडे घालून दाखवा ना.”

उस्तादांनी पेन घेतलं. उजव्या पानावर एक. पान उलटलं, उजव्या पानावर दोन. उलटलं, तीन. हात सफाईने चालत होता, ओठ पुटपुटत होते. प्रत्येक वेळी डावं पान उघडं पडत होतं आणि त्यांची नजर त्याच्यावरून अशी जात होती जशी रस्त्याने जाताना अनोळखी दारावरून जाते. चाळीस पानांची वही वीसवर संपली.

“झालं. बघा, हात चालतो का नाही माझा?”

बायकोने पदर तोंडाला लावला.

जिंकायला लागणारं सगळं वकीलबाईंच्या हातात आलं होतं, पण ते या माणसाच्या मालकीचं होतं. त्यांनी वही उघडी ठेवून तशीच उलटी फिरवली, पाय वर डोकं खाली. डावं पान उजवीकडे आलं.

“हे कोरं का?” उस्तादांनी विचारलं. एक पान चाळलं. दुसरं. तिसरं. “हे पण कोरं. हे पण.” वही पुन्हा सुलट केली. पुन्हा उलटी.

मग वही मिटून ते म्हणाले, “म्हणजे ते गाढव मीच.”

“तुम्ही नाही. डोळे शाबूत आहेत, हात शाबूत आहेत. डावी बाजू आहे हे मेंदू तुम्हाला सांगतच नाही. बारा तारखेला दिलेल्या अहवालात बहुतेक हेच असणार.”

“बत्तीस वर्षं, बाई. माझं एक पान चुकलं नव्हतं.”

“म्हणून तर ही चूक आजाराची आहे हे सिद्ध होतं. पण सुनावणीत चारचौघांत मांडावी लागेल. तुम्ही नको म्हणालात तर नाही मांडणार.”

उस्तादांनी गालावरून हात फिरवला. आधी उजव्या. मग मुद्दाम, शोधत शोधत, डाव्या. खुंट बोटांना लागले.

“आणि हिने मला असंच दार उघडायला पाठवलं?”

“सांगितलं तर अंगावर येता तुम्ही!” बायको दारातून म्हणाली, रडत आणि हसत.

“मांडा,” उस्ताद म्हणाले. “पण रजिस्टर मी उघडणार.”

६

मंगळवारी सुनावणीच्या खोलीत अध्यक्ष, ऑफिसचा कारकून, मालक आणि एका बाकावर सगळं कुटुंब. मेहुण्याने खळ नसलेला शर्ट घातला होता.

वकीलबाईंनी आधी मालकाला उठवलं. “ती चोवीस रजिस्टरं उस्तादांनी एकट्याने आकडे मारून पुरी केली?”

“एकट्याने! आणि अर्ध्या वेळात!”

“कोणाचा हात लागला नाही?”

“शपथेवर सांगतो.”

“लिहून घ्या,” वकीलबाई अध्यक्षांना म्हणाल्या. “मालकांइतका चांगला साक्षीदार मला आजवर मिळाला नाही.” मालक खूश होऊन बसला.

रजिस्टर आलं. उस्तादांनी पुठ्ठ्यावरून हात फिरवला, शिवण बोटाने चाचपली. “काम माझंच.” सेहेचाळिसावं पान काढलं. उजवीकडे. गवंड्याचं नाव.

“आता उलटा,” वकीलबाई म्हणाल्या.

उस्तादांनी पान उलटलं. “सत्तेचाळीस.”

“त्याच्या शेजारी?”

“शेजारी काही…” ते थांबले. मग त्यांनी रजिस्टर दोन्ही हातांनी उचललं आणि अध्यक्षांच्या टेबलावर उलटं फिरवून ठेवलं. “इथे आहे एक पान. मला दिसत नाही ते, पण आहे. आकडा नाही त्याच्यावर. मारायचा मीच विसरलो.”

अध्यक्षांनी वाकून वाचलं. तारीख बारा. ओळ चौदा. उस्तादांचं नाव, ‘डॉक्टरांचा अहवाल, बंद पाकीट’.

“पण मग पोचेवर सेहेचाळीस का?” अध्यक्षांनी विचारलं.

“ते हे सांगतील,” वकीलबाई कारकुनाकडे वळल्या. “समोरच्या पानावर सत्तेचाळीस. तुमच्या पानावर काहीच नाही. तुम्ही काय केलंत?”

कारकून उभा राहिला. “एक वजा केला,” तो म्हणाला. “सत्तेचाळीसच्या आधी सेहेचाळीस. दुसरं काय लिहिणार?”

“आणि मागच्याच पानावर सेहेचाळीस आधीच मारलेला होता. रेकॉर्डवाले तिथेच बघून परत जायचे. दर डाव्या पानावरचा माणूस खोटारडा ठरत गेला. शंभरावर संपणारं दोनशे पानांचं रजिस्टर तुमच्या लक्षात आलं नाही?”

“पहिल्याच दिवशी आलं,” कारकून खाली बघत म्हणाला. “पण ‘तपासून घेतलं’ अशी सही माझी होती. न उघडताच केलेली.”

रेकॉर्डमधून बारा तारखेचा गठ्ठा आला. त्यात पाकीट होतं, बंदच. अध्यक्षांनी ते फोडलं, वाचलं, आणि चष्मा काढला.

“रुग्णाला डाव्या बाजूच्या जगाची जाणीव राहत नाही,” त्यांनी मोठ्याने वाचलं, “आणि राहत नाही याचीही त्याला जाणीव नाही. यंत्रांजवळ काम देणं धोक्याचं.” त्यांनी मालकाकडे पाहिलं. “आणि तुम्ही यांना पात्याखाली उभं केलंत?”

मालकाचा गोडवा उतरला. “ते… किरकोळ…”

“तेही लिहून घ्या,” वकीलबाई म्हणाल्या.

निकाल अकरा मिनिटांत लागला. भत्ता मंजूर, अर्जाच्या दिवसापासून. मेहुणा निर्दोष. बाहेर बाकांवर बातमी पोचली तेव्हा वकीलबाईंनी बोलावून ठेवलेली ती नऊ माणसं एकदम उठली आणि खिडकीकडे धावली. म्हातारे गृहस्थ सगळ्यांत पुढे होते.

“ताई, मला माफी मागायला कोण येणार?” मेहुण्याने विचारलं.

“मी,” उस्ताद म्हणाले, आणि डावीकडे उभ्या असलेल्या मेहुण्याला शोधायला पूर्ण अंगाने वळले. सापडल्यावर त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “खुर्ची नीट वापर. तिचा मागचा पाय डुगडुगतो.”

“दाजी, तो मी केव्हाच ठोकला!”

७

कोणी काय भरलं, ते असं.

ऑफिसने थकलेला भत्ता भरला, वकीलबाईंची फी भरली, आणि हरवलेल्या तीनशे बारा कागदांवर नव्याने निर्णय दिले. मालकाने तिसरा हिस्सा भरला, मशीनबद्दलचा दंड भरला, आणि चोवीस रजिस्टरांना पुन्हा आकडे मारून द्यायला माणूस लावला; माणूस मेहुणाच होता, त्याने जादा मजुरी घेतली. कारकुनाने एक बढती गमावली. वकीलबाईंची एक चप्पल तुटली, तिचे पैसे त्यांनी कोणाकडे मागितले नाहीत.

उस्तादांनी काही भरलं नाही. त्यांच्या वाटचं त्यांनी सात महिन्यांपूर्वी, एका सकाळी, एकरकमी भरलं होतं. आणि त्याची पोच, भत्त्याचा हुकूम, आता त्यांच्या हातात होती.